दवाखान्यातून परत पाठवलं, पण पुन्हा कधी यायचं ते सांगितलं नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सोलापूरच्या पूर्व भागात दहा वर्षांपासून आशा स्वयंसेविका आहे. माझ्या वस्तीत बहुतेक घरांत बायका विड्या वळतात आणि पुरुष यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात जातात. निम्म्याहून जास्त घरं तेलुगू बोलणारी, काही कन्नड, बाकी आम्ही मराठी. गरोदर बाईची नोंद करण्यापासून बाळाच्या लसीपर्यंत माझं येणंजाणं असतं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

रिक्षात बाळंतपण झालं की पेपरात बातमी येते आणि वाचणारे म्हणतात, एवढा उशीर कसा करतात ही माणसं? माझ्या वस्तीपुरतं मी त्याचं उत्तर देऊ शकते. पुष्कळदा त्या बाईने उशीर केलेला नसतो, ती लवकर गेलेली असते. आदल्या दिवशी किंवा आदल्या रात्री ती दवाखान्यात जाऊन आलेली असते, "अजून वेळ आहे, घरी जा" ऐकून परतलेली असते. पुन्हा निघायची वेळ येते तेव्हा तिचा पाय उचलत नाही. पहिल्या खेपेला परत आलेल्या बाईची बातमी कुठे येत नाही. मला तिच्याबद्दल लिहायचं आहे.

मी स्वतः तशी बाई होते. 2004 साली माझं पहिलं बाळंतपण होतं. माहेरी आई आजारी, म्हणून सासरीच करायचं ठरलं. नववा भरला होता. एका रात्री दहाच्या सुमारास कंबरेतून कळ निघून ओटीपोटात यायला लागली. सासूबाई, दीर आणि मी रिक्षा करून एका दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टरनी तपासलं आणि म्हणाल्या, "एक बोटसुद्धा नीट उघडलं नाही. एवढ्याशा कळा सोसत नाहीत तर पुढं काय करशील? घरी जा." शेजारच्या खाटेवरच्या दोघी हसल्या. रात्री दोनला आम्ही घरी आलो. रिक्षाचे पैसे दिरांनी शेजारून उसने आणले होते, ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कळा थांबून थांबून येत राहिल्या. संध्याकाळी वाढल्या. सासूबाईंनी विचारलं, "जायचं का गं?" आणि मीच म्हणाले, "नको, अजून सोसतंय." मला कुणी अडवलं नव्हतं. त्या सिस्टरसमोर पुन्हा जाऊन उभं राहायची मला लाज वाटत होती. रात्री एकच्या पुढे अंथरूण ओलं झालं. मला वाटलं लघवी झाली. मी अंधारात चादर बदलली, ओली चादर घडी करून मोरीत ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सकाळी सातला गेलो. मुलगा झाला, पण रडला नाही. दोन दिवस काचेच्या पेटीत होता, तिसऱ्या दिवशी गेला.

त्या रात्रीमुळेच तो गेला का, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही तसं म्हणणार नाही. पण ती लघवी नव्हती, बाळाभोवतीचं पाणी होतं, आणि ते गेल्यापासून दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंतचे सहा तास मी नुसती पडून होते. पाणी गेलं तर लगेच यायचं असतं, हे तोपर्यंत मला एकाही माणसाने सांगितलेलं नव्हतं. कार्डावर वजन होतं, रक्ताचा गट होता, गोळ्या होत्या. ते नव्हतं.

पुढे या कामात आले, ट्रेनिंग झालं, आणि कळलं की त्या सिस्टरची तपासणी बरोबर होती. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडतं तेव्हा दहा सेंटीमीटर असतं. पहिल्या खेपेला सुरुवातीचे काही सेंटीमीटर उघडायलाच कितीतरी तास जातात, कधी एक दिवस, कधी त्याहून जास्त. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणाबद्दलच्या सूचना काढल्या. त्यांत जोराचं बाळंतपण पाच सेंटीमीटरपासून धरलं आहे आणि त्याआधीच्या काळाला ठरावीक मुदत नाही, असं सांगितलं आहे. आई आणि बाळ दोघं ठीक असतील तर त्या आधीच्या काळात बाई घरी राहिली, हिंडली-फिरली, थोडं खाल्लं-प्यायलं तर तिच्या हिताचंच असतं. फार लवकर भरती केलं की खाटेला खिळून राहणं, सलाईन, कळा वाढवायचं इंजेक्शन असं एकामागून एक सुरू व्हायची शक्यता वाढते. तेव्हा परत पाठवणं हा गुन्हा नाही. "घरी जा"च्या पुढे जे वाक्य यायला हवं होतं ते आलं नाही, एवढीच माझी तक्रार आहे. अमुक झालं की परत ये, कितीही वाजले असले तरी ये. हे वाक्य बोलायला अर्धा मिनिटही लागत नाही.

"अमुक" म्हणजे काय, ते मी माझ्या बायकांना त्यांच्या भाषेत सांगते. दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ मिनिटभर टिकणारी आणि असं तासभर चाललेलं, हा पहिलटकरणीसाठी सर्वसाधारण हिशोब. पण ज्या घरात भिंतीवरचं घड्याळ बंद आणि मोबाईल नवऱ्यासोबत रात्रपाळीला गेलेला, तिथे पाच मिनिटं कशी मोजायची? हे मला एका विडी कामगार बाईनेच शिकवलं. तिची दुसरी खेप होती. मी सकाळी गेले तर ती सूप मांडीवर घेऊन बसलेली. कातरलेलं पान, चिमूटभर तंबाखू, वळली, टोक दुमडलं, दोरा गुंडाळला, टाकली. मध्येच हात थांबला. ओठ घट्ट मिटून घेतले, डावा हात जमिनीवर टेकवला, नाकाने मोठा श्वास घेतला. मग पुन्हा पान उचललं. मी विचारलं, "नोप्पुलु (तेलुगूत कळा) सुरू झाल्या का?" ती म्हणाली, "पहाटेपासून, अक्का. पहाटे दोन नोप्पुलुच्या मधी चाळीस विड्या व्हायच्या. मग पंचवीस. आता दहा-बारा होतात."

दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईचा हात मिनिटाला साधारण दोन विड्यांनी चालतो. चाळीस म्हणजे वीस मिनिटं, दहा म्हणजे पाच. तिने घड्याळाकडे न बघता अगदी बरोबर मोजलं होतं. मी तिला तसंच उठवलं, कारण दुसऱ्या खेपेला पाच मिनिटांची वाट बघायची नसते. आधी बाळंतपण झालेलं असेल तर पिशवीचं तोंड भराभर उघडतं. अशा बाईने दहा मिनिटांवर, म्हणजे वीस विड्यांवर, घर सोडावं. दवाखान्यात पोचल्यावर सव्वा तासात ती मोकळी झाली. तेव्हापासून मी सगळ्यांना विड्यांचाच हिशोब सांगते. (नवव्या महिन्यात तंबाखूचं सूप मांडीवर घेऊ नका, हेही प्रत्येकीला सांगते. माल दिला नाही तर त्या आठवड्याचा बाजार होत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्या थोड्याच. त्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन.)

खोट्या कळाही असतात. पोट आवळतं, सुटतं, पण अंतर कमी होत नाही आणि जोर वाढत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ऊन चाळिशीच्या पुढे जातं, पत्र्याच्या खोलीत घाम निथळतो. पाणी कमी पडलं की पोट आवळायला लागतं. लघवीला जाऊन ये, तांब्याभर पाणी पी, डाव्या कुशीवर तासभर पड, असं मी सांगते. थांबलं तर ठीक. खऱ्या कळा झोपलं तरी, चाललं तरी येतच राहतात आणि दर खेपेला थोड्या जास्त जोराच्या असतात. लालसर चिकट डाग लागला तर पिशवीचं तोंड मऊ होतंय असं समजावं. त्यानंतर काही तासांत कळा येतील किंवा दोन दिवसांनीही येतील.

पण हा सगळा हिशोब कळांचा झाला. काही गोष्टींना कळांची वाटच बघायची नसते, आणि त्यांत पाणी सगळ्यात पहिलं.

इथे आपली भाषाच आपल्याला फसवते. आपल्याकडे पांढरं जातं त्याला "अंगावरून जातंय" म्हणतात आणि पाणमोठ फुटली तरी "अंगावरून जातंय" म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात एका पहिलटकरणीच्या घरी मी दुपारी सहज डोकावले. आदल्या दिवशीच तिला दवाखान्यातून परत पाठवलं होतं. तिने सकाळी सासूला सांगितलं होतं की अंगावरून जातंय, आणि सासू म्हणाली होती, शेवटच्या महिन्यात सगळ्यांनाच जातं. सासू वाईट नव्हती, तिला पांढरंच वाटलं. मी म्हटलं, घडी घेतली असशील ती दाखव. तिने पांढरा टॉवेल घडी करून घेतला होता, दोरे सुटलेला, कारखान्यातून बाद झालेला. मी तो खिडकीजवळ उजेडात उघडला. मधोमध ओल होती आणि ओलीच्या कडेला हिरवट-पिवळा डाग होता, मेथी उकळलेल्या पाण्यासारखा. वास लघवीचा नव्हता. बाळाने पोटातच शी केली की पाणी असं हिरवं होतं, आणि ते बाळाच्या छातीत जाऊ शकतं. मी तिथूनच 108 ला फोन लावला. सीझर झालं. मुलगी पाच दिवस पेटीत होती, सहाव्या दिवशी आईजवळ आली.

गाडीत ती सारखी एकच म्हणत होती, "काल येऊन गेले, आज परत कसं जायचं म्हणून थांबले ताई." मी काही बोलले नाही. तिचा हात धरून बसले.

तेव्हा पाणी एकदम भसकन गेलं किंवा थेंब थेंब गळत राहिलं, रंग कसाही असला, कळ असो वा नसो, निघायचं. किती वाजता गेलं ते लक्षात ठेवायचं, स्वच्छ कोरडी घडी घ्यायची, ती टाकून द्यायची नाही, डॉक्टरांना दाखवायची. पाणी गेल्यावर जसजसे तास जातात तसतसा जंतू आत जायचा धोका वाढतो, आणि कधी नाळ बाळाच्या आधी खाली घसरते. तेव्हा तर मिनिटांचा प्रश्न असतो.

दुसरी गोष्ट बाळाची हालचाल. "दिवस भरले की बाळ खाली उतरतं आणि गप्प होतं" हे मी इतक्या सासवांच्या, आयांच्या तोंडून ऐकलंय की पूर्वी मलाही खरं वाटायचं. ते खरं नाही. जागा कमी झाली की लाथ मारण्याची तऱ्हा बदलते, पण हालचाल कमी व्हायला नको, कळा सुरू असतानाही नको. रोजच्यापेक्षा कमी वाटली तर रात्रीत वाट बघून सकाळी जाऊ असं करू नये.

पाळीसारखा रक्तस्राव झाला, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीखाली उजवीकडे दुखायला लागलं, झटका आला तर विचारायचंच नाही, गाडी बोलवायची. नऊ महिने भरायच्या बऱ्याच आधी, म्हणजे 37 आठवड्यांच्या आत, कळा सुरू झाल्या तरी तसंच. आणि आधीचं सीझर असेल तर पहिल्या कळेलाच निघायचं, कारण जुन्या टाक्यांवर ताण येतो. अशा बाईने विड्या मोजत बसू नये.

आणि संडासला लागल्यासारखं वाटून आपोआप जोर लागायला लागला, तर मात्र रिक्षात कोंबून पळवू नका. बाळ दाराशी आलेलं असतं. 108 ला फोन करा, तिला कुशीवर झोपवा, ते फोनवर सांगतील तसं करा. कळा वाढाव्यात म्हणून कुणाकडून घरी इंजेक्शन घेऊ नका, एरंडेल पाजू नका.

उशिराची बाकीची कारणं तुम्हाला माहीत आहेत. नवरा पाळीवर, कार्ड कपाटात आणि किल्ली सासऱ्यांकडे, आज अमावास्या. आमच्याकडे आणखी एक कारण असतं, आज पाण्याचा दिवस. नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, त्या तासाभरात घरातल्या सगळ्या घागरी, पिंप भरायचे असतात. कळा येत असताना घागरी भरणाऱ्या बायका मी डोळ्यांनी पाहिल्यात. म्हणून मी आठव्या महिन्यातच घरच्यांना बसवते आणि विचारते: रात्री गाडी कोण बोलावणार, मोठं पोर कुणाकडे ठेवणार, पाणी कोण भरणार? कार्ड, सोनोग्राफीचे कागद, आधार, धुतलेली सुती कापडं एका पिशवीत घालून ती दाराजवळच्या खिळ्याला टांगायला लावते. बाळाचं नवं कापड आधी आणायचं नाही अशी काही घरांत रीत आहे. मी म्हणते जुनंच धुऊन ठेवा.

पैशाचंही सांगते, कारण दुसऱ्यांदा जायला पैसाच आडवा येतो. रात्री रिक्षावाले मागतील ते द्यावं लागतं. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सीझर, औषधं, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. त्या गाडीसाठी 102 नंबर आहे, आणि जिवावरचा प्रसंग असेल तर 108, जी आपल्या राज्यात 2014 पासून आहे. अजूनही कित्येक घरांत वाटतं की अँब्युलन्स बोलावली तर बिल येईल.

आता माझं मागणं. दवाखान्यांत कशाकशाचे शिक्के असतात. असाच एक शिक्का करावा, आणि बाळंतपणाला आलेल्या ज्या बाईला परत पाठवाल तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर तो मारावा. पाणी गेलं, रक्त गेलं, बाळ कमी हललं, कळा एवढ्या एवढ्या अंतरावर आल्या तर परत या, कितीही वाजता या, कितीही वेळा या. मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये. आणि ते मोठ्याने वाचून दाखवावं, तिलाही आणि सोबतच्या बाईलाही, कारण घरी गेल्यावर निघायचं की नाही ते ती सोबतची बाई ठरवते. सरकारी, महापालिकेचा, खाजगी, सगळ्यांनीच करावं. शाई आणि लाकडाचा ठोकळा, याहून जास्त खर्च नाही.

जी बाई लांबून आली आहे तिला परत पाठवूच नये. अक्कलकोट इथून जवळपास 40 किलोमीटर आहे, त्याच्या पलीकडच्या गावांतून बायका येतात. त्यांना रात्री कुठे परत जा म्हणायचं? भरती करायची नसेल तर नका करू, पण एक खोली द्या, जिथे पंखा आहे, पाणी आहे, संडास आहे आणि दर दोन तासांनी कुणीतरी बाळाचे ठोके बघून जाईल.

लेबर रूममधल्या सिस्टरवर किती भार असतो ते मी रोज बघते. एका पाळीत किती जणींना हात लावायचा याला धरबंध नसतो. त्यातही प्रेमाने बोलणाऱ्या सिस्टर आहेत, त्यांची नावं बायका वर्षानुवर्षं काढतात. मी त्यांच्याविरुद्ध लिहीत नाही.

सध्या माझ्या रजिस्टरमध्ये नववा लागलेल्या तिघी आहेत. शिक्का होईल तेव्हा होईल, म्हणून मी त्यांच्या कार्डाच्या पाठीमागे बॉलपेनने स्वतःच लिहून दिलं आहे. एकीच्या घरी मराठी वाचणारं कुणी नाही. तिची धाकटी नणंद नववीत आहे, तेलुगू शाळेत. मी सांगत गेले आणि ती मांडीवर वही घेऊन, तिच्यावर कार्ड ठेवून लिहीत गेली. सगळं लिहून झाल्यावर तिने वहिनीला वाचून दाखवलं, मग पेन पुन्हा उघडलं आणि "कितीही वेळा या" याच्याखाली आपल्या मनाने दोन रेघा मारल्या.

आपली,
एक आशा स्वयंसेविका, पूर्व भाग, सोलापूर
(पत्रात वस्तीतल्या घरांची माहिती आहे, म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती.)